उंची पाचपट

पर्वत हे पृथ्वीच्या पोटातल्या अस्वस्थतेचं सर्वांत भव्य रूप आहे. माणसाची राज्यं, लढाया, प्रेमं आणि पगारवाढी त्याच्या पायथ्याशी धुळीसारख्या जमतात आणि धुळीसारख्याच उडून जातात, असा विचार भूगोल संग्रहालयाच्या प्रतिकृतीकाराच्या मनात रोज सकाळी येत असे. त्या वेळी तो पर्वतरांगेवर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथा पडून, रंगाऱ्याच्या ब्रशने तिसऱ्या शिखरामागची धूळ काढत असे. धूळ उडून कुठेही जात नसे. ती चौथ्या शिखरावर जाऊन बसत असे. आजही तो असाच पालथा पडलेला असताना त्याच्या छातीखाली फोन थरथरला. तो दचकला, त्याचा एक पाय फळीवरून सुटला आणि गुडघा हिमनदीत गेला. हिमनद्या वर्षानुवर्षं मागे हटतायत असं शास्त्रज्ञ म्हणतात. पण एवढं नुकसान एका सकाळी एका गुडघ्याने अजून कुठे केलं नसेल.

"दादा बोलतोय," फोन म्हणाला. "मंगळवारी येतो. तुझा डोंगर बघायचाय. थोडं दिसतंय तोवर बघून टाकतो. संध्याकाळच्या बसने परत."

"ये की," तो म्हणाला. पण तोवर फोन बंद झाला होता. दादा अजूनही तारेच्या दराने बोलायचा.

ज्याच्या डोक्यावर कुणीतरी दादा असतो तो जन्मभर धाकटाच राहतो. धाकट्याचं वय अठ्ठावन्न होतं. गुडघा हिमनदीत तसाच ठेवून तो काही वेळ पडून राहिला. दालनात अजून कुणी आलेलं नव्हतं. वरच्या झरोक्यातून तिरकं ऊन येत होतं आणि पर्वतरांगेची एक बाजू उजळून दुसरीवर सावली पडली होती. तीस वर्षांत दादाने हा डोंगर पाहिलेला नव्हता. उद्घाटनाला यायचं त्याने कबूल केलं होतं, पण परीक्षेचे पेपर आडवे आले. पुढे पेपर, मग सेमिनार, मग गुडघे, मग नुसतंच 'बघू'. धाकट्याने पहिली काही वर्षं वाट पाहिली आणि मग वाट पाहण्याची त्याला इतकी सवय झाली, की दादा येणार म्हटल्यावर आपल्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं त्याला वाटलं.

पर्वतरांग दालनाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पसरलेली होती. तिची पुस्तकी नावं पाटीवर होती, पण धाकट्याच्या तोंडी ती नव्हती. त्याच्या मनात तीन समांतर रांगा होत्या, थोरली, मधली आणि धाकटी. सगळ्यांत मागे थोरली, बारा महिने बर्फाची, जिच्यापुढे बाकीच्यांनी कितीही माना ताणल्या तरी उपयोग नसे. तिच्यापुढे मधली, जंगलांची आणि दऱ्यांची, घरातल्या मधल्या भावंडासारखी कामाची आणि कुणाच्या लक्षात न राहणारी. आणि अगदी पुढे, मैदानाला टेकलेली धाकटी. ही धाकटी तर थोरलीच्या अंगावरून झिजून वाहून आलेल्या दगडगोट्यांचीच झालेली, म्हणजे थोरलीने टाकलेल्या कपड्यांवर वाढलेली. समुद्राकडून येणारे ढग थोरलीला अडतात आणि समोरच्या उतारावर रिकामे होतात. पाठीमागे थेंब पडत नाही. शाळेच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. शाळेत धाकट्याला हा धडा इतका चटकन समजला होता की शिक्षकांनाही आश्चर्य वाटलं. एकाच शाळेत, एकाच बाकावर, चार वर्षांच्या अंतराने तो दादाच्या मागून जात होता, आणि सगळे ढग त्याच्या येण्याआधीच रिकामे झालेले असत. "तू त्याचा भाऊ ना?" एवढा एकच थेंब अधूनमधून अंगावर पडे.

त्यांच्या बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. पडद्यालाही इस्त्री असे. जन्मभर बाबांनी एकच काम केलं, लोकांच्या कपड्यांतल्या सुरकुत्या घालवल्या, आणि त्याच टेबलावर दादा धाकट्याला पर्वत कसे होतात ते शिकवायचा. गिऱ्हाइकाची चादर टेबलावर पसरायची, एक टोक धाकट्याने धरायचं, दुसरं दादाने, आणि हळूहळू एकमेकांकडे ढकलायचं. मध्ये चादर उचलली जायची, तिला घड्या पडायच्या, एक, दोन, तीन. "ही वळी," दादा म्हणायचा. "जमीन अशीच वर येते. इथे आधी समुद्र होता. वर शिखरावर शिंपले सापडतात, माहितीये? आणि अजून थांबलेलं नाही. नखं वाढतात त्या वेगाने डोंगर वाढतोय. तू जोर लाव ना! तुझ्या बाजूने काहीच होत नाहीये." धाकटा जोर लावायचा. तेवढ्यात बाबा यायचे आणि तापलेली इस्त्री समुद्रापासून शिखरापर्यंत एका दमात फिरवून सगळं सपाट करायचे. "झीज," दादा गंभीरपणे म्हणायचा. बाबा म्हणायचे, "झीज नाही, उद्या द्यायची आहे ती."

मग दादा शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला आणि एका उन्हाळ्यात तिथल्या लोकांबरोबर खऱ्या पर्वतावर जाऊन आला. परतला तेव्हा त्याला दाढी आली होती आणि नाकाची साल गेली होती. त्या रात्री, त्यानंतरच्या कित्येक रात्री आणि कुणी पाहुणा आला की दिवसासुद्धा, दादा थोरल्या रांगेतल्या खिंडीची गोष्ट सांगायचा. दोन्ही बाजूंना सरळ कडे. हात पसरले तर दोन्हीकडे बोटं टेकतील. मान वर केली तर चड्डीच्या नाडीएवढं आकाश. वारा असा की बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही, मागच्या माणसाला ऐकू जातं. एकेकाने, श्वास धरून, पाऊल मोजत. आई तोंडाला पदर लावायची. बाबा इस्त्री उभी करून ठेवायचे, जे ते गिऱ्हाइकासाठीसुद्धा करत नसत. आणि धाकटा पडद्याजवळ उभा राहून कोळशाच्या वासात ती खिंड बघायचा. पुढे त्याच्या स्वप्नात ती येऊ लागली. स्वप्नात तो तिच्यातून कधीच पलीकडे गेला नाही. नेहमी पुढे दादा असायचा आणि दादामुळे वाट अडलेली असायची.

दादा प्राध्यापक झाला, दुसऱ्या शहरात गेला. लग्नाला वेळच मिळाला नाही, असं तो म्हणायचा. आई म्हणायची, मुलगीच मिळाली नाही. धाकटा भूगोलात काठावर पास होत होत शाळेतून बाहेर पडला आणि छतांना प्लास्टरची फुलं-पानं करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली लागला. त्याचा हात चांगला होता. संग्रहालयाला माणूस हवा होता तेव्हा 'डोंगर करता येईल का?' असं विचारल्यावर तो 'येईल' म्हणाला. त्याने तोवर फक्त द्राक्षांचे घड केलेले होते. नकाशे दादानेच पाठवले, मोठी गुंडाळी करून, सोबत एक शब्द नाही. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा होत्या त्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की उतार सोपा. धाकट्याने एकेक रेषा पुठ्ठ्यावर कापली, पुठ्ठे एकावर एक रचले, जाळी ठोकली, गिलावा केला. खऱ्या प्रमाणात केलं असतं तर सर्वोच्च शिखर अंगठ्याएवढं झालं असतं. एवढी मोठी रांग, आणि अंगठा! लोक तिकीट काढून येणार आणि त्यांना एक चुरगळलेली सतरंजी दिसणार. म्हणून सगळीकडे करतात तसंच इथेही केलं. लांबी-रुंदी आहे त्या प्रमाणात, उंची मात्र पाचपट. अंगठ्याचं शिखर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं झालं आणि बघणाऱ्याच्या तोंडून 'अबब' निघू लागलं. 'उंची पाचपट दाखवली आहे' अशी बारीक अक्षरांतली पाटी कोपऱ्यात होती. ती कुणी वाचल्याचं त्याच्या पाहण्यात नव्हतं.

एका ठिकाणी मात्र त्याने नकाशा पाळला नव्हता. खिंडीपाशी रेषा ऐसपैस, लांब लांब पसरलेल्या होत्या, दुपारी जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यांसारख्या. धाकट्याने त्या बऱ्याच वेळा पाहिल्या. मग त्याने ठरवलं की मोजणी करणारा माणूस आळशी असावा, तिथपर्यंत गेलाच नसावा. आणि पुठ्ठे बाजूला ठेवून, पडद्याजवळ उभं राहून ऐकलेली खिंड त्याने डोळे मिटून कोरली. दोन सरळ कडे, मध्ये फट. फटीत करंगळीसुद्धा जात नव्हती. तीस वर्षांत येणारा प्रत्येक माणूस तिथे थांबायचा आणि म्हणायचा, "बाप रे, इथून जात असतील लोक?" आणि धाकटा म्हणायचा, "माझा भाऊ गेलाय."

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "दादा येतोय मंगळवारी. डोंगर बघायला."

"डोंगर बघायला?"

"हो. दिसेनासं होतंय ना त्याला. म्हणून."

"अहो, ज्याला दिसेनासं होतंय तो डोंगर कशाला बघेल? डॉक्टरला बघेल." तिने एक किडलेली शेंग वेगळी काढली. "काचबिंदू आहे त्यांना. दोनदा गॅस चालू राहिला म्हणून शेजारच्यांनी दार बडवलं. मागच्या महिन्यात जिन्यात पडले, ते आपल्याला कुणाकडून कळलं? त्यांच्या दूधवाल्याकडून. तुम्हाला कधी कळायचं हो! ते राहायची सोय बघायला येताहेत."

"मग तसं म्हणेल की तो."

"ते म्हणतील? दवाखान्यात होते तेव्हा तीन दिवस पाणी मागितलं नाही त्यांनी. शेवटी नर्सने कंटाळून सलाइन लावलं." ती उठली, टोपली ओट्यावर ठेवली. "तुम्ही विचारायचं. बस सुटायच्या आत. मी विचारलं तर ते नाही म्हणणार, कारण मी विचारलं म्हणजे तुम्हाला नको होतं असा त्याचा अर्थ. इतकी वर्षं ओळखते मी तुम्हा दोघांना. मागची खोली आहे. माझी हरकत नाही. तुमची आहे का, तेवढं बघा."

तेवढं बघण्यात त्याचे पुढचे दिवस गेले. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती होती, जाळीची भेंडोळी होती, आणि जमली नाहीत म्हणून काढून ठेवलेली शिखरं होती. सुटीच्या दिवशी तो तिथे दार लावून बसायचा आणि काही करायचा नाही. तिथे दादाची खाट. सकाळी दादा खोकणार, आणि तो खोकलाही त्याच्यापेक्षा बरोबर असणार. वर्तमानपत्र आता त्यालाच वाचून दाखवावं लागणार, आणि दादा उच्चार सुधारणार. चहा पिताना आपण आवाज करतो हे त्याला त्या विचारानेच आठवलं आणि त्या दिवशी चहा नीट गेला नाही. ऑफिसात दिवस थोरलीच्या पायथ्याशी काढायचा, घरी आलं की थोरला. मग आपण फक्त आपले असे कुठे असू? ऑफिस ते घर या रस्त्यावर, अर्धा तास, असं त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. त्या अर्ध्या तासात तो त्या दिवशी मुद्दाम हळू चालला. केशकर्तनालय, चप्पल दुरुस्ती, चष्म्यांचं दुकान. चष्म्यांच्या दुकानाच्या आरशात एक टक्कल पडलेला, हाताला पांढरं काहीतरी लागलेला माणूस दिसला. दादाला मी शेवटचा केव्हा दिसलो असेन, असं त्याच्या मनात आलं. नीट, पूर्ण, पायांपर्यंत. आणि आता दिसायचोच नाही. हे वाईट वाटलं की बरं वाटलं, ते त्याला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही याचंच वाईट वाटलं.

मंगळवारी दादा बसमधून छत्री टेकत उतरला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"छत्री कशाला रे?"

"पाऊस येईल." दादाने त्याचा पुढे आलेला हात दिसलाच नाही असं केलं, की खरंच दिसला नाही? दादा वाळला होता. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. फाटकाजवळ तो एका उभ्या सायकलला आपटला आणि तिला "माफ करा" म्हणाला. मग चार पावलं गेल्यावर म्हणाला, "सायकल होती. कळलं मला. सवय असावी माणसाला."

तिकीट खिडकीतल्या बाईंनी छत्री पाहिली, मान कुठे वळते ते पाहिलं, आणि आवाज मऊ केला. "काका, तुम्हाला तिकीट नाही. अंध व्यक्तींना फुकट आहे."

"मी अजून अंध झालेलो नाही. पूर्ण तिकीट द्या."

"अहो, पण ज्येष्ठांनाही अर्धंच आहे."

"पूर्ण," दादा म्हणाला. "आणि हा?"

"ते तर इथलेच आहेत. डोंगरकाका." बाई हसल्या. "ते आणि डोंगर, दोघांना आम्ही एकदमच झटकतो."

दालनात गेल्यावर दादा रांगेसमोर उभा राहिला. धाकटा बाजूला, जरा मागे. त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. इतकी वर्षं त्याने या क्षणाचं भाषण तयार ठेवलेलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा आता आठवत नव्हतं. दादा मान इकडून तिकडे फिरवत होता, हळूहळू, टॉर्च फिरवावा तशी. मग म्हणाला, "नळीतून बघितल्यासारखं दिसतं. एक शिखर दिसतं. मग दुसरं दिसतं, तोवर पहिलं गेलेलं असतं. रांग काही दिसत नाही." हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. धाकटा 'हात लावू नये' अशा पाटीशी उभा होता. ती पाटी त्यानेच रंगवलेली होती, लाल अक्षरांत, खाली दोन रेषा मारून.

"हात लाव," तो म्हणाला.

"अहो, हात लावायला बंदी आहे!" बाई दारातून ओरडल्या.

"तुम्ही खिडकीवर बसा हो जरा," धाकटा म्हणाला. एवढ्या जोरात तो संग्रहालयात कधी बोलला नव्हता. बाई गेल्या.

दादाने छत्री भिंतीला टेकवली, ती पडली, ती त्याने तशीच राहू दिली. मग दोन्ही तळवे मैदानावर ठेवले, इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा तसे, आणि उत्तरेकडे सरकवू लागला. धाकट्या रांगेशी बोटं थांबली. "ही भुसभुशीत. पावसाळ्यात ढासळते. वय काहीच नाही हिचं," तो पुटपुटला, आणि पुढे रुंद खोऱ्यात उतरला, तिथून मधलीवर चढला. त्याच्या आवाजाला हळूहळू वर्गातला आवाज येऊ लागला, पण वर्गापेक्षा हळू, स्वतःच्याच बोटांना सांगितल्यासारखा. दक्षिणेचा उतार उभा, उत्तरेचा लांबलचक. इथे भेग आहे, एक खडक दुसऱ्याच्या अंगावर चढलाय, म्हणून भूकंप. इथपर्यंत झाडं, इथून वर गवत, इथून वर काही नाही. एका नदीच्या घळीत त्याचं बोट उतरलं आणि रांगेतून आरपार पलीकडे गेलं. "ही डोंगराच्या आधीची. डोंगर वर येत गेला, ही कापत गेली. कुणी कुणाला विचारलं नाही. चांगली केलीस ही." धाकट्याला ते 'चांगली केलीस' एवढं अचानक ऐकू आलं की ते आपल्याला उद्देशून होतं की नदीला, याचा त्याला संशय आला. तो दादाच्या हातांकडे बघत राहिला. ते हात लहान होते. नखं वेडीवाकडी कापलेली होती, एका बोटाला जखम झाली होती आणि तिच्यावर पट्टी तिरकी बसली होती. शिखर हातभर उंच, आणि त्याला धरणारं मनगट शिखरापेक्षा बारीक. बस साडेपाचची होती. विचारायचं वाक्य त्याच्या जिभेवर येऊन तसंच परत गेलं. अजून पूर्वेकडचा भाग राहिलाय, तो झाल्यावर विचारू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"किती पट उंची?" दादाने विचारलं.

"पाच."

"दिसायला बरं दिसत असेल. हाताला टोचतं." आणि मग बोटं खिंडीशी आली. ती थांबली. मागे गेली, पुन्हा आली. करंगळीने फट चाचपली. "हे काय केलंयस?"

"खिंड."

"ही? ही नाही ती. इथे सरळ पठारासारखं आहे. दोन्हीकडे सोपा उतार, मध्ये गवत. बायका गाढवं घेऊन जातात इथून, पाठीला पोरं बांधून, आणि तोंडाने गप्पा चालू. आम्ही तिथे क्रिकेट खेळलो होतो, चेंडू कुठे गडगडत जाईल ही भीतीच नाही. मी नकाशे पाठवले होते ना? रेषा बघितल्या नाहीस?"

"बघितल्या."

"मग ही चीर कुठून आणलीस? कुणी सांगितलं तुला?"

दालन एकदम फार मोठं झालं. धाकट्याला कोळशाचा वास आला; आईचा पदर, उभी ठेवलेली इस्त्री, चड्डीची नाडी. दादा उत्तराची वाट बघत त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या थोडं डावीकडे, पाहत होता. चेहऱ्यावर काहीच लपवलेलं नव्हतं. त्याला आठवतच नव्हतं. कधीतरी पंचेचाळीस वर्षांमागे, दाढीच्या भरात, आईबापांसमोर एका पोराने दोन कडे जवळ ओढले, आणि मग विसरून गेला. आणि दुसरा पोरगा त्यांच्यामध्ये अडकून राहिला. 'तू सांगितलंस,' हे दोनच शब्द होते. ते उच्चारले की थोरली रांग इथल्या इथे खाली बसली असती. धाकटा ते शब्द तोंडात घेऊन उभा राहिला आणि त्याला आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही; उलट भीती वाटली, की कडे खरंच बाजूला झाले, तर मग इतकी वर्षं अडलं होतं काय? गाढवं जात होती तिथून. पाठीला पोरं बांधलेल्या बायका जात होत्या.

"कुणीतरी म्हणालं होतं," तो म्हणाला.

"कुणीतरी मूर्ख असणार. रुंद कर."

"आत्ता?"

"मग केव्हा? मी काय रोज येणार आहे?"

यावर विचारता आलं असतं. धाकटा कानस आणायला गेला. त्याने खिंडीच्या दोन्ही कड्यांवर कानस चालवली; तीस वर्षांचं प्लास्टर पांढऱ्या पिठासारखं मैदानावर पडू लागलं आणि आत पुठ्ठ्याचे थर दिसू लागले. दादा मध्येमध्ये हात घालून बघायचा. "अजून. अजून घे. घाबरतोस काय? डोंगर आहे, पडत नाही." धाकट्याने बादलीत पाणी घेतलं, पाण्यात प्लास्टर भुरभुरवलं (प्लास्टरमध्ये पाणी ओतणारा माणूस या धंद्यात टिकत नाही) आणि ढवळलं. तो थापी घेऊन वळला तर दादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या.

"मी लावतो. मला माहीत आहे उतार कसा आहे. तू नुसता ऐकलायस."

"लवकर करावं लागेल. फार वेळ देत नाही ते."

"मीसुद्धा," दादा म्हणाला, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत बुडवले. मग ते खिंडीवर ठेवले. डावा तळवा एका उतारावर, उजवा दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकमेकांपासून दूर, दूर सरकवत नेले. पांढरं प्लास्टर त्याच्या हाताखाली गुळगुळीत, मऊ, आडवं होत गेलं. धाकटा समोरून कडा बांधत होता, म्हणजे खरं तर काहीच करत नव्हता, दादाच्या हातांखालून निसटलेलं परत त्यांच्याखाली ढकलत होता. चादरीचं एक टोक आपल्याकडे आहे, असं त्याला वाटलं, पण या वेळी जोर लावायचा नव्हता.

"गरम होतंय," दादा म्हणाला.

"बसताना होतं. हात हलवू नकोस आता. धरून ठेव. हललास तर तडा जाईल."

दादा हलला नाही. वाकून, दोन्ही हात खिंडीच्या दोन बाजूंना धरून, तो तसाच उभा राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या शर्टाचं एक बटण भलत्याच काजात होतं. बाहेर तिकीट खिडकीतल्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, आज दालन बंद आहे, आत दोन म्हातारे खेळताहेत.

"दादा," धाकटा म्हणाला. वाक्य त्याने दोन दिवस घासूनपुसून ठेवलेलं होतं, त्यात बायकोचा उल्लेख होता, डॉक्टरांची सोय होती, 'तुझी हरकत नसेल तर' होतं. त्यातलं काहीच आलं नाही. "आमच्याकडे राहायला ये. मागची खोली आहे. ऊन येत नाही तिथे, आणि माझी पोती आहेत, ती मी काढणार नाही. सगळी नाही काढणार. पण ये. आजच राहा. बस जाऊ दे."

दादाची मान खाली होती. जबडा हलला, थांबला. धाकट्याने इतकी वर्षं त्याचं ऐकलं होतं, पण त्याचं गप्प बसणं संपण्याची वाट कधी पाहिली नव्हती. ती बरीच लांब निघाली. प्लास्टर बसत चाललं होतं, कडेची चमक जाऊन तिथे मंद, कोरडा पांढरेपणा येत होता. दादाने डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी, मग तिसरी, समांतर. त्याने मोठा श्वास आत घेतला, आणि धाकटा जे काय येईल ते झेलायला तयार होऊन उभा राहिला.

"ऐक," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हात अडकलेत माझे. जरा माझं नाक खाजव. उजवीकडे. नाही, अजून वर."